१९६७च्या फियाटमधल्या बकेट सीट: तुमच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

आमच्या गॅरेजबद्दलचा तुमचा रिव्ह्यू वाचला. एक स्टार दिलात, त्याबद्दल तक्रार नाही. गाडी तुमची, पैसे तुमचे, मत मांडायचा हक्कही तुमचाच. पण तुम्ही लिहिलंय ते वाचून उद्या जुन्या गाडीचा दुसरा एखादा मालक पत्र्याला चार भोकं पाडून सीट बसवून घेईल, याची मला खरोखर काळजी वाटते. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. फियाट ११००ची पुढची लांब सीट काढून दोन बकेट सीट, म्हणजे एकेकाच्या सुट्या खोलगट सीट, बसवायला दिल्या होत्या. आम्ही गरज नसताना तळाचा पत्रा कापून बिल वाढवलं आणि दिवस लावले. एवढं करून सीट उंचच बसली. आणि फोर-पॉइंट बेल्ट, म्हणजे चार ठिकाणी बांधायचा रेसिंगचा पट्टा, बसवायला चक्क नकार दिला. शिवाय दुसऱ्या एका मिस्त्रींनी तुम्हाला सांगितलं की चार बोल्ट आणि मोठे वायसर, एका दुपारचं काम होतं.

त्या चार बोल्टांपासूनच सुरू करतो, कारण सगळा प्रश्न तिथेच आहे. ८ एमएमच्या बोल्टला जो साधा वायसर येतो त्याचा बाहेरचा व्यास १६ एमएम. मधलं भोक वजा केलं की पत्र्याला टेकणारी जागा उरते जेमतेम दीड चौरस सेंटिमीटर. मोटरस्पोर्टची जागतिक संघटना एफआयए, तिच्या नियमात सीटच्या प्रत्येक बोल्टाखाली निदान ४० चौरस सेंटिमीटरची आणि ३ एमएम जाडीची पोलादी प्लेट लागते, आणि असे निदान चार बोल्ट. म्हणजे वायसरच्या पंचवीसपटीहून जास्त जागा. तुमची गाडी रेसला जाणार नाही हे मला ठाऊक आहे. पण रस्त्यावर धडक बसली तर पत्रा हा विचार करत नाही. ताशी ५० किलोमीटरवरून गाडी ६० सेंटिमीटरच्या अंतरात थांबली, तर सत्तर किलोचा माणूस स्वतःच्या वजनाच्या सुमारे सोळापट जोराने पुढे जातो. एक टनाच्या वर. तुम्ही आणलेल्या सीट आजच्या गाडीतल्या आहेत, बेल्टचं बक्कल सीटच्याच बुडाला लावलेलं आहे. त्यामुळे त्या जोराचा मोठा वाटा सीटच्या पायांवर येतो. एक एमएमच्या आसपासच्या जुन्या पत्र्यातून तो बोल्ट वायसरसकट वर निघून येतो. मोठा वायसर घेतला तरी तो वाटीसारखा वाकतो आणि मग निघतोच.

आता तुमच्या गाडीच्या पत्र्याबद्दल. ही गाडी बरीच वर्षं किनारपट्टीवर उभी होती, हे तुम्हीच सांगितलं होतं. ड्रायव्हर साइडची रबर मॅट उचलली तेव्हा खालचं नमद्याचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीसारख्या जाड कापडाचं, अस्तर ओलं लागलं. पावसाळा संपून महिने झाले होते, तरी ओलं. खालून गाडी बघितली तर डांबर अगदी गुळगुळीत. आमच्या डेंटरने (पत्र्याचं काम करणाऱ्या कारागिराने) स्क्रू-ड्रायव्हर टेकवून नुसता दाबला, तो मुठीपर्यंत आत गेला. कुणीतरी पूर्वी सडलेल्या पत्र्यावर नवा तुकडा रिव्हेट मारून बसवला होता, कडेने लांबी (पुट्टी) भरली होती आणि वरून डांबर फासलं होतं. दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी साठत राहिलं आणि आतून सगळं खाऊन गेलं. हे सगळं उघडं करून तुम्हाला फोटो आणि व्हिडिओ पाठवला, पत्र्याची मजुरी वेगळी पडेल हे फोनवर सांगितलं आणि तुमचा होकार आल्यावरच ग्राइंडर लावला. तो मेसेज अजून आमच्या फोनमध्ये आहे. तुमचा नंबर त्यात असल्यामुळे इथे टाकत नाही.

जीपचा तळ सडला तर बॉडीखाली वेगळी चॅसी, म्हणजे लोखंडी सांगाडा, तरी उरते. फियाट ११००ला तशी चॅसी नाही. तळाचा पत्रा, दाराखालची सिल, मधला टनेल (दोन सीटमधला तळाचा उंचवटा) आणि छत मिळून जे होतं तीच गाडीची ताकद. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातून निघालेल्या या सगळ्या गाड्यांचं, पुढे पद्मिनी म्हणून विकल्या गेलेल्यांचंसुद्धा, हेच आहे. मूळ लांब सीटसाठी कंपनीने जिथे पत्र्याला जादा आधार दिला, त्या जागा तुमच्या नव्या सीटच्या पायांशी जुळत नाहीत. आजच्या सीटचे चारही पाय एका पातळीत नसतात. ज्या गाडीसाठी ती सीट बनली तिच्या तळाचे चढउतार धरून ते केलेले असतात. सपाट जागेवर तशीच आवळली तर सीटची फ्रेम पिळवटते आणि स्लाइडर, म्हणजे सीट पुढेमागे सरकवणारी पट्टी, जाम होतो.

दिवस का लागले तेही सांगतो. फ्लोअर कापायचा म्हटल्यावर आधी गाडी लेव्हलला घेऊन सिलखाली आधार द्यावे लागतात, दारांच्या फटी मोजून लिहून ठेवाव्या लागतात. घाईने दोन्ही बाजू एकदम कापल्या तर बॉडी खाली खचते आणि मग दार लागत नाही. आम्ही एक बाजू पूर्ण करून मगच दुसरी उघडली. चांगला पत्रा लागेपर्यंत कापत गेलो, १८ गेजचा नवा पत्रा मूळ घड्यांप्रमाणे घडवला आणि मिग वेल्डिंगचे छोटे छोटे टाके जागा बदलत मारले, कारण सलग मारले की पत्रा तापून लाटा येतात. तळाखालून पेट्रोलची आणि ब्रेकची नळी जाते, ती आधी सोडवून बाजूला घेतली. पेट्रोलची टाकी मागे आणि इंजिन पुढे असलेल्या गाडीत वरून डोळे झाकून ड्रिल मारणं किती धोक्याचं आहे, हे वेगळं सांगायला नको.

मग सिलपासून टनेलपर्यंत आडवी दोन बॉक्स-चॅनेल (चौकोनी पोकळ लोखंडी पट्ट्या) प्रत्येक सीटखाली टाकली. बोल्ट जिथे चॅनेलमधून आरपार जातो तिथे आत नळीचा तुकडा वेल्ड केला आहे. तो नसता तर बोल्ट आवळताना चॅनेलच चेपली असती आणि काही महिन्यांत बोल्ट ढिला झाला असता. पत्र्याच्या खालून प्रत्येक बोल्टाला ६५ बाय ६५ एमएमची, ३ एमएम जाड प्लेट आहे, कोपरे गोल केलेले, म्हणजे धार पत्रा कापणार नाही. बोल्ट १० एमएमचे, ८.८ ग्रेडचे म्हणजे जास्त ताकदीचे, आपोआप ढिले न होणाऱ्या नायलॉक नटसकट. सगळ्या जोडांवर सीलर, मग प्रायमर, वरून अंडरकोटिंग. हे काम मॅटखाली झाकलं जातं, दिसत नाही. तरीसुद्धा माझ्या मते या गाडीत आजवर झालेलं सगळ्यात मोलाचं काम तेच आहे.

सीट उंच बसली, हे तुमचं म्हणणं खरं आहे आणि त्याचा त्रास होतो हेही मान्य. पण ती उंची फ्रेममुळे आलेली नाही. फ्रेम जितकी खाली नेता येईल तितकी नेली आहे. उंची आली ती सीटमधूनच: आजच्या सीटचा स्लाइडर आणि कुशन मिळून जुन्या सीटपेक्षा जाड आहे. सीट घेण्याआधी बसून बघा, डोकं आणि छत यांच्यात चार बोटं राहायला हवीत, असं मी सगळ्यांनाच सांगतो. तुमच्या सीट आधीच घेऊन झाल्या होत्या. तुम्ही सुचवलेला उपाय, म्हणजे तळाचा मूळ आडवा आधार कापून सीट खाली उतरवणं, तो मी करणार नाही. आजही नाही. तो आधार गेला की बाजूने धडक बसल्यावर दार आणि तुमची मांडी यांच्यामध्ये थांबवणारं फारसं काही उरत नाही. कुशनचा फोम एक इंच काढून घट्ट फोम भरला तर बराच फरक पडतो. ते काम करून द्यायला मी तेव्हाही तयार होतो, आताही आहे.

फोर-पॉइंट बेल्टबद्दल. त्याचे खांद्यावरचे दोन पट्टे सीटच्या पाठीमागून जवळजवळ आडवे मागे जायला हवेत. एफआयएचा नियम ४५ अंशांपेक्षा जास्त उतार चालू देत नाही आणि १० अंशांच्या आत ठेवा असं सुचवतो. तुमच्या गाडीत रोल बार, म्हणजे सीटमागची पोलादी नळीची कमान, नाही, म्हणून ते पट्टे मागच्या तळाला बांधावे लागले असते, म्हणजे सीटवरून सरळ खाली. धडकेत असा पट्टा माणसाला धरून ठेवताना खांद्यांवरून खाली दाबतो आणि तो दाब पाठीच्या मणक्यांवर जातो. शिवाय तुमच्या सीटच्या पाठीला पट्टे ओवायला खाचाच नाहीत. त्याऐवजी तीन-पॉइंटचा रीलवाला बेल्ट सुचवला आणि बसवला. दाराच्या खांबात वरच्या बोल्टासाठी आतून प्लेट वेल्ड केली, बोल्ट बेल्टचाच, ७/१६ इंची. १९६७च्या गाडीत मुळात बेल्टच नव्हता. आता पुढच्या दोघांना आहे.

एक गोष्ट तुमच्या रिव्ह्यूमध्ये नाही, पण तुमच्यासाठी महत्त्वाची आहे. २०२१मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त झालेली गाडी त्यात बसते, पण ती मूळ स्वरूपात हवी. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. त्या नोंदणीवर गाडी रोज फिरवता येत नाही, रॅली, प्रदर्शन आणि देखभालीपुरतीच, त्यामुळे आज तुम्हाला तिची गरज नसेल. उद्या तुमच्या मुलांना वाटू शकतं. म्हणूनच टनेलला हात लावला नाही, गिअर स्टिअरिंगवरच ठेवला आणि जुन्या सीटच्या बोल्टांच्या मूळ जागा नव्या पत्र्यात मापाने पुन्हा घेतल्या. बकेट सीटचे आठ बोल्ट आणि फ्रेम काढली की जुनी लांब सीट होती तशी बसते. ती सीट फेकू नका, भंगारातही देऊ नका. घरात कोरड्या जागी उभी ठेवा.

बिलाबद्दल एवढंच: सीटची मजुरी आधी सांगितली होती तेवढीच लावली आहे. वाढलेला सगळा भाग पत्रा, वेल्डिंग आणि बेल्टचा आहे, आणि तो बिलात वेगळा लिहिलेला आहे. कापलेला जुना पत्रा गोणीत भरून ठेवला आहे. तुम्हाला किंवा त्या मिस्त्रींना बघायचा असेल तर कधीही या.

आणि गाडी एकदा आणाच. नवीन बसवलेले बोल्ट काही शे किलोमीटर चालल्यावर पुन्हा टॉर्क-पान्याने (किती जोराने आवळलंय ते दाखवणाऱ्या पान्याने) तपासावे लागतात, त्याचे पैसे आम्ही घेत नाही. पावसाळ्याआधी तळाचे रबरी बूच काढून खालून पाणी जातंय का तेही बघू. मॅटखाली परत नमदा घालू नका. फोमचं काम करायचं असेल तर सीट सकाळी लवकर काढायला हव्यात, म्हणून आदल्या दिवशी फोन करा. आमचा कुशनवाला सोमवारी नसतो.