आपलंच आहे, पण दाखला आणा

आम्ही जेलरोडला राहतो. नाशिकबाहेरच्या माणसाला हा पत्ता सांगितला की तो क्षणभर गप्प बसतो आणि मग आवाज खाली घेऊन विचारतो, "किती वर्षं झाली?" रस्त्याला नाव मध्यवर्ती कारागृहामुळे पडलं, त्याला आम्ही काय करणार! पण आमच्या भागाची खरी शान म्हणजे प्रेस. नाशिकरोडला 'प्रेस' म्हटलं की कुणाच्या डोळ्यांपुढे वर्तमानपत्र येत नाही. एक प्रेस नोटा छापते. दुसरी, 1925 सालापासूनची सिक्युरिटी प्रेस, टपाल तिकिटं, स्टॅम्प पेपर आणि अख्ख्या देशाचे पासपोर्ट छापते. लंडनच्या विमानतळावर रांगेत उभ्या असलेल्या पंजाब्याच्या हातातला असो की दुबईला निघालेल्या मल्याळी नर्सच्या पर्समधला, त्या निळ्या पुस्तिकेचा जन्म आमच्या घरापासून शेअर रिक्षाच्या अंतरावर झालेला असतो.

आणि आमच्या घरात एकही पासपोर्ट नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

तशी गरजही कधी पडली नव्हती. आमचा परदेश म्हणजे शिर्डीच्या पलीकडे. पण लग्नाला तीस वर्षं झाली आणि बायकोने एका संध्याकाळी गवार निवडता निवडता जाहीर केलं की यंदा लक्षद्वीप. मी म्हटलं, सापुतारा काय वाईट आहे? तिने गवारीची शेंग अशी मोडली की मी विषय बदलला.

आमच्या इमारतीत कुठल्याही प्रश्नाचा शेवटचा निकाल अप्पा देतात. अप्पा वरच्या मजल्यावर राहतात आणि प्रेसमधून रिटायर झालेत. उभं आयुष्य पासपोर्ट छापण्यात गेल्यामुळे परराष्ट्र व्यवहार हे आपलं खातं आहे असं त्यांना वाटतं. खाली बाकावर बसून त्यांनी निकाल दिला, "समुद्र ओलांडायचा म्हणजे पासपोर्ट लागणारच."

"अप्पा, लक्षद्वीप भारतात आहे."

"असेल. पण मध्ये समुद्र आहे ना?"

"अंदमानलाही समुद्र ओलांडूनच जातात. आपल्या भगूरचे सावरकर 1911 साली गेले, तेव्हा कुणी पासपोर्ट मागितला होता का?"

अप्पांनी माझ्याकडे नापास मुलाकडे बघावं तसं पाहिलं. "ते गेले नव्हते. त्यांना नेलं होतं."

यावर काय बोलणार? मी गप्प बसलो. पण रात्री झोप येईना. आपल्याच देशाच्या लांबच्या तुकड्यात जायला पासपोर्ट लागतो का, हा प्रश्न डोक्यात घर करून बसला. शेवटी अमेरिकेतल्या भाच्याला फोन लावला. तो नुकताच तिकडचा नागरिक झालाय, त्यामुळे कायद्याच्या बाबतीत फार हळवा आहे.

"मामा, आम्ही मागच्याच महिन्यात पोर्तो रिकोला जाऊन आलो. पासपोर्टबिसपोर्ट काही नाही. 1898 पासून ते अमेरिकेचंच आहे. ड्रायव्हिंग लायसन्स दाखवलं, झालं."

"मग सूनबाई?"

"ती अजून व्हिसावर आहे ना! तिने पासपोर्ट आणि सगळे कागद पिशवीत घेतले होते. परत येताना मात्र दोघांच्याही बॅगा तपासल्या."

"कशासाठी?"

"फळं आणली का ते बघायला. तिथनं फळफळावळ आणली तर कीड येते म्हणतात."

म्हणजे माणूस आपला, पण पेरू परका. मला आवडलं हे. पुढे भाच्याने असंही सांगितलं की ग्वाम आणि अमेरिकेच्या ताब्यातल्या व्हर्जिन आयलंड्स या बेटांवरही अमेरिकन माणूस पासपोर्टशिवाय जातो, पण पॅसिफिकमधल्या अमेरिकन सामोआला गेला की गंमत. नावातच 'अमेरिकन', पण प्रवेशाचे नियम तिथले स्वतःचे. तिथे अमेरिकन नागरिकालाही पासपोर्ट, नाहीतर जन्मदाखला वगैरे दाखवून आपण कोण ते सांगावं लागतं. उलट तिथे जन्मलेलं मूल जन्माने अमेरिकेचं 'नॅशनल' असतं, 'नागरिक' नसतं. म्हणजे घरात घेतलंय, पण रेशनकार्डावर नाव चढवलेलं नाही.

हे सगळं मी दुसऱ्या दिवशी अप्पांना सांगितलं. त्यांना अमेरिकेत रस नव्हता, साहेबाचं काय ते विचारलं. मी रात्रभर मोबाइल चोळल्यामुळे तयारीत होतो. म्हटलं, साहेबाचं जिब्राल्टर आहे, फॉकलंड आहे, आणि तिथे जायला लंडनच्या माणसालाही पासपोर्ट लागतो. अप्पांचा चेहरा असा उजळला जणू 1947 पुन्हा आलं. "साहेबाला स्वतःच्याच घरात पासपोर्ट! बरं झालं." फ्रेंचांचं मात्र त्यांना पटलं नाही. हिंदी महासागरात मॉरिशसच्या शेजारी रियुनियन नावाचं बेट आहे. पॅरिसहून विमानाने अकरा तास, पण ते फ्रान्सचाच एक जिल्हा. नाणं युरो, आणि फ्रेंच माणूस ओळखपत्र दाखवून तिथे उतरतो. अप्पा म्हणाले, "अकरा तास विमानात बसून आधारकार्डावर? छापणाऱ्याच्या पोटावर पाय आहे हा."

आता इतकं कळल्यावर मला वाटलं, आपलं सोपं असणार. आपण पॅरिसपेक्षा कमी नाही. ट्रॅव्हलवाल्याकडे गेलो. त्याने आधी पाणी दिलं, मग एक फॉर्म दिला.

"पासपोर्ट नको ना?" मी छाती काढून विचारलं.

"छे छे, पासपोर्ट कशाला काका? आपलाच देश. फक्त प्रवेशाचा परवाना लागेल. आणि त्याला जोडायला पोलिसांचा दाखला, की तुमच्यावर गुन्हा नाही."

मला वाटलं चेष्टा करतोय. पण नाही. लक्षद्वीपला जायला भारतीय माणसालाही परवाना लागतो, तसा नियमच 1967 सालचा आहे. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवरचं एक जोडपं काठमांडूचं विमान ठरवत होतं. त्यांना तो म्हणाला, "पासपोर्ट नसला तरी मतदार ओळखपत्र चालेल." मी दोनदा विचारून खात्री करून घेतली. नेपाळ परदेश, तिथे मतदानाचं कार्ड दाखवा आणि जा. लक्षद्वीप स्वदेश, तिथे आधी तुम्ही चोर नाही हे पोलिसांकडून लिहून आणा. अरुणाचल, नागालँड, मिझोरामला जायला जो परवाना लागतो, त्याचं मूळ तर 1873 च्या इंग्रजी कायद्यात आहे. साहेब गेला, पण जाताना दाराला लावलेली कडी तशीच राहिली.

पोलीस ठाण्यात माझा फॉर्म हातात घेऊन हवालदारसाहेबांनी चष्मा कपाळावर ढकलला.

"पत्ता?"

"जेलरोड."

"आत की बाहेर?"

हा विनोद त्यांनी आयुष्यात हजार वेळा केला असणार, पण हसलो. दाखला हवा होता.

"लक्षद्वीप आपल्यातच आहे ना?"

"हो."

"मग दाखला कशाला?"

"आपल्यातच आहे म्हणून. बाहेर असतं तर लागला नसता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि बायकोला विचारलं, "ताई, घरी सगळं ठीक ना?"

पुढचं विघ्न स्पेलिंगचं निघालं. बायकोच्या आधारवर आमच्या आडनावात एक 'ए' जास्त, मतदार कार्डावर तोच 'ए' कमी, आणि पॅनवर माहेरचं नाव. हवालदार म्हणाले, "या तीन बायका आहेत. तिघींचा दाखला पाहिजे की एकीचा?" झेरॉक्सवाल्याकडे चार फेऱ्या झाल्या. त्याच्या काचेवर माझ्या आधारकार्डाची सावली कायमची उमटली असेल. अर्धा तास रांगेत उभं राहायचं, मग तो म्हणणार 'सेल्फ अटेस्टेड', मग मी त्याच्याच पेनाने सही करणार, आणि पेन परत दिलं नाही म्हणून तो मला रस्त्यापर्यंत हाका मारणार.

एक सांगतो. चिडचिड करून घरी आल्यावर मी नकाशा उघडला आणि माझा राग निम्म्यावर आला. लक्षद्वीपची बेटं 36, माणसं राहतात त्यातल्या 10 वर. सगळी जमीन मिळून 32 चौरस किलोमीटर. आमच्या नाशिक महापालिकेची हद्दच अडीचशेच्या वर आहे. 2011 च्या जनगणनेत त्या सगळ्या बेटांवर मिळून साधारण 64 हजार माणसं होती, तेवढी आमच्याकडे एका प्रभागातून निघतील. सिंहस्थात रामकुंडावर काय होतं ते ज्याने डोळ्यांनी पाहिलंय, त्याला परवान्याचा नियम वेगळा समजावून सांगावा लागत नाही. प्यायचं पाणी मोजकं, प्रवाळ नाजूक, आणि आमची माणसं उतरल्या उतरल्या विचारणार, 'मिसळ कुठे मिळते?' दार लावून घेतलं तर लोकांचं काय चुकलं? फक्त ते दार माझ्याच लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला बंद असावं, एवढंच जरा लागलं.

हे अप्पांना सांगितल्यावर त्यांनी दमणची आठवण काढली. नाशिककर दमणला वीकेंडला कशासाठी जातात ते सगळ्यांना माहीत आहे, आणि त्यासाठी कुणी समुद्रही बघत नाही. पण 1961 पर्यंत दमण पोर्तुगालचं होतं. पोर्तुगालने तर 1951 साली आपल्या वसाहतींचं नावच बदलून 'सागरापारचे प्रांत' केलं. म्हणजे कागदावर लिस्बन आणि दमण एकाच देशात. गंमत अशी की दमणपासून आत, जमिनीवर, दादरा आणि नगर हवेली हे त्यांचेच दोन तुकडे होते, आणि मधे आपला भारत. 1954 च्या पावसाळ्यात ते तुकडे मुक्त झाले, त्यात आपली मराठी माणसं होती, संगीतकार सुधीर फडके त्यांतले एक. मग पोर्तुगाल थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. मागणी काय, तर आम्हाला आमच्याच गावाला जायचंय, वाट द्या.

"मग काय म्हणाले जज?" अप्पांनी विचारलं. आता ते बाकाच्या कडेला आले होते.

"1960 च्या एप्रिलमध्ये निकाल लागला. साधी माणसं, सरकारी नोकर आणि माल यांना वाटेचा हक्क होता. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रं यांना नव्हता. आणि भारताने वाट अडवली यात भारताचं काही चुकलं नाही."

"म्हणजे जिंकलं कोण?"

"कागदावर थोडे ते. जमिनीवर आपण."

"भाऊबंदकीतला बांधाचा खटलाच की हा," अप्पा म्हणाले. आणि खरंच, आमच्या निफाडच्या शेताची वाट चुलत्याच्या बांधावरून जाते. पायी जा म्हणतो, बैलगाडी चालेल म्हणतो, ट्रॅक्टर आणू नको म्हणतो. हेगला पंधरा न्यायाधीश नियमित बसतात, आमच्याकडे चुलता एकटा पुरतो.

तर दाखला. तो यायला इतके दिवस लागले की ट्रॅव्हलवाल्याकडची जहाजाची जागा गेली. तो म्हणाला, काका, अंदमानला जा, परवाना नको, काही नको, निकोबार सोडून. बायको म्हणाली, चला. आम्ही गेलो. विमानतळावर जवानाने आधारकार्डावरचा फोटो आणि माझा चेहरा यांत साम्य शोधण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला आणि शेवटी दया येऊन सोडलं. समुद्र छान होता. बायको तीस वर्षांत पहिल्यांदा गुडघाभर पाण्यात उभी राहून मोठ्याने हसली. मग सेल्युलर जेलच्या त्या लांबलचक ओवऱ्यांसमोर आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही. बाहेर आल्यावर एका सहप्रवाशाने विचारलं, "कुठले तुम्ही?" मी म्हटलं, "जेलरोड." त्याला वाटलं मी इथलाच पत्ता सांगतोय.

मधल्या काळात अप्पांच्या आग्रहाखातर मी पासपोर्टसाठीही अर्ज करून टाकला होता. दीड हजार रुपये, 36 पानं, दहा वर्षांची मुदत. त्याच्या पडताळणीला तेच हवालदार आले. आधी लक्षद्वीपचा दाखला, आता पासपोर्ट. चहा पिताना त्यांनी फार हळू विचारलं, "साहेब, खरं सांगा. कर्ज वगैरे किती आहे?"

अंदमानहून परत आल्यावर तिसऱ्या दिवशी स्पीड पोस्टाने पासपोर्ट आला. नाशिकरोडला छापलेली कोरी पुस्तिका बाहेरगावी जाऊन, माझं नाव-फोटो लावून, पुन्हा नाशिकरोडला. माझ्याआधी माझा पासपोर्टच फिरून आला होता. मी पाकीट फोडायच्या आत अप्पा जिना उतरून आले. स्वतःचा पासपोर्ट त्यांनी कधी काढला नाही, पण हातात घेण्याची त्यांची पद्धत बघण्यासारखी होती. माझ्या नावाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. खिडकीशी गेले, एकेक पान उजेडासमोर धरलं, अंगठ्याने शिवण दाबून पाहिली, कडेवरून नख फिरवलं, पान कानाशी नेऊन हलकेच वाजवलं. मग पुन्हा पहिल्या पानावर आले आणि माझा फोटो बघून त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"छपाई फर्स्टक्लास आहे," पुस्तिका माझ्या हातात ठेवत ते म्हणाले. "फोटोचं काम आमच्याकडे नव्हतं."