दाराला चिकटवलं म्हणे!

कोर्टाचं समन्स पोचवणाऱ्या बेलिफाचा एक शेरा, 'समन्स दाराला चिकटवलं', की झाला आमच्याविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे आमचं न ऐकताच निकाल! अहो, कुठल्या दाराला? ते घर आम्ही केव्हाच सोडलं. नवा पत्ता दावा लावणाऱ्या वादीकडे आहे, दिवाळीचा फराळ बरोबर पोचतो त्याचा! दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ५, नियम १७ सांगतो, आधी नीट शोध घ्या, घर कुणी दाखवलं, कुणासमोर चिकटवलं ते नावानिशी लिहा. अहवालात एक नाव असेल तर शपथ! आता तो हुकूमनामा रद्द करून घ्यायला आदेश ९, नियम १३ खाली अर्ज करा, वकिलाची फी भरा, आणि हुकूमनामा कळल्यापासून ३० दिवसांत आलो हेही आम्हीच दाखवायचं. न मिळालेल्या कागदाचा पुरावा आणू कुठून? तोवर तिकडे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची दरखास्त दाखल, जप्तीची भाषा सुरू. वर आम्हालाच विचारणार, "इतके दिवस कुठे होतात?"