‘पुढच्या ब्रेकला हात लावू नका’ म्हणणाऱ्या संदेशाचा प्रतिवाद

‘पहिली मोठी टूरिंग बाईक घेताय? मग हे वाचाच’ अशा मथळ्याचा एक लांबलचक संदेश सध्या व्हॉट्सॲपवर फिरत आहे. त्यातील दावे थोडक्यात असे आहेत: जड गाडी रस्ता धरून चालते, म्हणून ती पडत नाही, लायसन्स एकच असल्यामुळे वेगळे काही शिकावे लागत नाही, हजार किलोमीटर चालवली की हात बसतो, जड गाडीचा पुढचा ब्रेक वापरू नये आणि अगदीच अंगावर आले तर गाडी आडवी टाकावी, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर जीव वाचवतो, पाचशे सीसीवरील गाड्यांना एक्स्प्रेसवेवर सोडतात, आणि मागे माणूस व सामान असले तरी अशा गाडीला त्याची जाणीवही होत नाही. हा संदेश मला माझ्या भाच्याने पाठवला. तो कॉलेजपासून स्प्लेंडर चालवतो, आता त्याने 650 सीसीची रॉयल एनफील्ड सुपर मीटिऑर बुक केली आहे, आणि गाडी हाती येताच पत्नीला मागे बसवून आंबोलीमार्गे गोव्याला जाण्याचा त्याचा बेत आहे. ‘मामा, सगळं यात दिलंय, आता कोणाला विचारायला नको,’ असे त्याने खाली लिहिले होते. तो एकटाच हे वाचत असता तर त्याला फोन करून मी विषय संपवला असता. पण पहिल्यांदा मोठी गाडी घेणारे कित्येकजण हेच वाचून शोरूममधून बाहेर पडणार आहेत, म्हणून सविस्तर लिहिणे भाग आहे.

सर्वांत घातक मुद्दा ब्रेकचा आहे, म्हणून आधी तोच घेतो. ‘पुढचा ब्रेक दाबशील तर उलटशील’ हे आपल्याकडे सायकल शिकवतानाच कानावर पडते आणि शंभर सीसीच्या गाडीवर ते खपूनही जाते, कारण वेग बेताचा असतो आणि पायाखालच्या ड्रम ब्रेकवर भागते. मोठ्या गाडीवर भागत नाही. ब्रेक लागला की गाडीचा आणि चालकाचा भार पुढे सरकतो, पुढचे टायर रस्त्यावर दाबले जाते आणि मागचे हलके होते. हलक्या झालेल्या टायरला पकड उरत नाही, त्यामुळे मागचा ब्रेक कितीही जोराने दाबला तरी गाडी थांबवण्याचे बहुतांश काम पुढच्याच चाकाला करावे लागते. केवळ मागच्या ब्रेकवर विसंबणाऱ्याला थांबायला साधारण दुप्पट अंतर लागते. सुपर मीटिऑरला पुढे 320 मिलिमीटरची डिस्क आणि दोन्ही चाकांना एबीएस, म्हणजे ब्रेक जोरात दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, दिलेले आहे. दोन चाकांमध्ये दीड मीटरचे अंतर आणि सीटची उंची अवघी 740 मिलिमीटर असल्याने, अशी लांब आणि बुटकी गाडी कोरड्या, सरळ रस्त्यावर पुढचा ब्रेक दाबल्याने कोलांटी खाईल ही भीती निराधार आहे. मात्र लिव्हर झटक्यात आवळू नये. आधी हलका दाब देऊन पुढचे सस्पेन्शन खाली बसू द्यावे आणि मग क्षणभरात दाब वाढवत न्यावा. ही क्रिया बोटांच्या अंगवळणी पडेपर्यंत रिकाम्या मैदानावर पुन्हा पुन्हा करावी लागते.

ही माझी वैयक्तिक समजूत नाही. अमेरिकेतील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस परिसरातील 900 मोटरसायकल अपघातांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासणी केली आणि 1981 मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. अपघात टाळण्याची वेळ आली तेव्हा बहुतेक चालकांनी मागचा ब्रेक गरजेपेक्षा जास्त दाबून मागचे चाक घसरवले आणि पुढचा ब्रेक पुरेसा वापरलाच नाही, असे त्यात स्पष्ट नोंदवले आहे. टाळण्यासाठी मिळणारा वेळ सामान्यतः दोन सेकंदांहूनही कमी होता. एवढ्या वेळात माणूस विचार करत नाही, सवयीने वागतो. आणि हा संदेश नेमकी चुकीची सवय जोपासायला सांगतो. अहवाल जुना आहे आणि परदेशातील आहे, हे मान्य. तेथील वाहतूक आपल्यासारखी नाही. पण ब्रेक लावल्यावर भार पुढे सरकतो हे लॉस एंजेलिसमध्ये जितके खरे, तितकेच कोल्हापुरातही खरे आहे.

त्यातही ‘गाडी आडवी टाकावी’ हा सल्ला वाचून मला खरोखर संताप आला. गाडी थांबते ती टायरच्या रबराच्या पकडीने. ती आडवी केली की रस्त्याला टेकतात ते क्रॅश गार्ड, फूटरेस्ट आणि सायलेन्सर, म्हणजे लोखंड. आणि डांबरावर लोखंड रबरापेक्षा जास्त घसरते. शिवाय आडव्या गाडीला ब्रेक नसतो आणि वळवताही येत नाही. समोरच्या ट्रकखाली जाण्याचा वेग शेवटच्या मीटरपर्यंत कमी करत राहणे एवढेच चालकाच्या हातात असते, आणि तेच सोडून द्या असे हा संदेश सांगतो.

पुढच्या ब्रेकच्या भीतीत एक अर्धसत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. चालण्याच्या वेगात, हँडल वळलेले असताना पुढचा ब्रेक एकदम आवळला तर जड गाडी त्याच बाजूला धाडकन पडते. पार्किंगमध्ये आणि यू-टर्न घेताना म्हणूनच मागचा ब्रेक हलका धरून, हाफ क्लचवर गाडी वळवायची असते. घाटातील वळणावर खडी किंवा वाळू पसरलेली असेल तेथेही पुढचा ब्रेक जपून वापरावा, कारण साधे एबीएस सरळ रेषेतील ब्रेकिंगसाठी असते; कललेल्या गाडीला ते सावरेलच असे नाही. मात्र याचा अर्थ वळणाच्या आधीच, गाडी सरळ असताना, दोन्ही ब्रेक लावून वेग उतरवावा, असा होतो.

आता वजनाचा मुद्दा. स्प्लेंडरचे वजन सुमारे 112 किलो आहे आणि सुपर मीटिऑरचे 241, म्हणजे दुपटीहून अधिक. हमरस्त्यावर, आडव्या वाऱ्यात किंवा बस शेजारून गेल्यावर जड गाडी कमी हलते, हे बरोबर. पण नव्या मालकाची गाडी पडते ती हमरस्त्यावर नव्हे, तर पेट्रोल पंपावर, उतारावरच्या पार्किंगमध्ये, किंवा थांबताना टेकलेला पाय खडीवरून सरकल्यावर. शंभर सीसीची गाडी कलली तर मांडीने तोलून धरता येते. ही गाडी ठरावीक कोनापलीकडे कलली की धरायचा प्रयत्नच करू नये, कारण त्यात गुडघा आणि कंबर जाते. उचलण्याचीही रीत आहे: इग्निशन बंद करावे, गाडी गिअरमध्ये ठेवावी, उजवीकडे पडली असल्यास साइड स्टँड आधीच खाली करून घ्यावा, हँडल जमिनीकडच्या बाजूला पूर्ण वळवावे, सीटला पाठ लावून बसल्यासारखे व्हावे आणि एका हाताने हँडल व दुसऱ्याने मागची चौकट धरून, कंबरेने नव्हे तर पायांच्या जोराने, लहान पावले टाकत मागे सरकावे. डिलिव्हरी घेण्याआधी हे एकदा कोणा जाणत्या माणसासमोर करून पाहावे.

वजनापेक्षाही फसवा असतो तो वेग. स्प्लेंडरवर ताशी 80 ला गाडीच थरथरून आपल्याला सावध करते. मोठ्या गाडीवर ताशी 100 ला शांतता असते. ताशी 60 वरून थांबायला जेथे 20 मीटर लागतात, तेथे तेवढ्याच पकडीने ताशी 100 वरून सुमारे 55 मीटर लागतात, आणि वजन जास्त असल्यामुळे यातला एक मीटरही कमी होत नाही.

एकाच लायसन्सवर शंभर सीसी आणि अठराशे सीसी दोन्ही चालवता येतात, ही आपल्या कायद्याची वस्तुस्थिती आहे. पण तिच्यावरून शिकण्याची गरज नाही असा निष्कर्ष निघत नाही. सिंगापूरमध्ये 200 सीसीपर्यंत, 400 सीसीपर्यंत आणि त्यापुढे असे तीन वेगळे परवाने आहेत; जपानमध्ये 400 सीसीच्या वर मोठ्या गाडीचा परवाना लागतो. हर्ट यांच्या अहवालात अपघातग्रस्त चालकांना रस्त्यावर गाडी चालवण्याचा अनुभव सरासरी तीन वर्षांच्या आसपास होता, तरी त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिकांना त्या विशिष्ट गाडीची पाच महिन्यांचीही सवय नव्हती. जुना अनुभव नव्या गाडीवर आपोआप उतरत नाही, हे यावरून दिसते. उत्साही माणूस हजार किलोमीटर दोन शनिवार-रविवारांत पुरे करतो. तेवढ्यात फार तर पहिली सर्व्हिसिंग होते. ‘मधली गाडी घेणे म्हणजे पैसे वाया’ असेही संदेशात एके ठिकाणी म्हटले आहे, आणि तेथे मी फारसा भांडणार नाही. सुपर मीटिऑरची ताकद सुमारे 47 अश्वशक्ती, म्हणजे केटीएमच्या 390 ड्यूक या मधल्या गाडीच्या जवळपास तेवढीच आहे. शिस्तीने शिकणाऱ्याला थेट ती घेता येईल, फक्त शिकणे टाळून चालणार नाही.

एक्स्प्रेसवेचा दावा सरळ खोटा आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू येथे दुचाकींना बंदी आहे, आणि त्यात सीसीचा अपवाद नाही. सायलेन्सरचा आवाज मागे जातो, तर धोका बहुधा समोरून येतो. शिवाय ध्वनिमर्यादा मोडणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 190 नुसार गुन्हा आहे.

राहिला मागे बसणाऱ्यांचा आणि सामानाचा प्रश्न. दोन माणसे आणि बॅगा मिळून गाडीवर दीडशे किलोंहून अधिक भार सहज होतो, आणि तो बराचसा मागच्या चाकावर येतो. पुढचे टोक हलके होऊन हँडल सैल वाटू लागते, यू-टर्नला लागणारी ताकद वाढते, आणि ब्रेक लागताच मागची व्यक्ती चालकावर येऊन आदळते. म्हणून पहिले काही महिने एकट्याने, ओळखीच्या रस्त्यांवर चालवावे, मग जवळपासच्या अंतरासाठी मागे कोणाला बसवावे आणि लांबचा घाट त्यानंतर घ्यावा. जड वस्तू टॉप बॉक्समध्ये न भरता बाजूच्या बॅगांत, शक्य तितक्या खाली ठेवाव्यात. मागच्या शॉकॲब्सॉर्बरचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा आधीचा ताण, वाढवून टायरमधील हवा मॅन्युअलमध्ये दोघांसाठी दिलेल्या आकड्यावर आणावी. मागचा भाग दबला की हेडलाइटचा झोत वर उचलला जातो, त्यामुळे समोरच्याचे डोळे दिपतात आणि आपल्या पुढचा रस्ता मात्र अंधारात राहतो. तो झोतही निघण्यापूर्वी, सामान आणि माणूस गाडीवर असतानाच, भिंतीवर पाहून खाली आणून घ्यावा.