व्हॉल्व्ह बंद म्हणजे लाइन बंद नव्हे

काल संध्याकाळी एका ठेकेदाराचा फोन आला. "भाऊ, अर्ध्या तासाचं काम आहे. स्टीम लाइनचं गॅस्केट (जोडातलं पॅकिंग) गेलंय, व्हॉल्व्ह बंद करून ठेवलाय, येऊन बदलून जा." मी विचारलं, "डमी टाकली का?" म्हणजे वाफ अडवायला लाइनमध्ये आडवी चकती घातली का. तर म्हणे, "एवढ्याशा कामाला डमी कशाला भो?" मी सरळ नाही म्हणालो. त्याने दुसरा कुणी फिटर गाठला असणार. रात्रभर त्या माणसाचीच काळजी लागून राहिली, म्हणून लिहितोय.

जळगाव-भुसावळ पट्ट्यात 19 वर्षं पाइप फिटिंग आणि मेंटेनन्स करतोय. मे महिन्यात बाहेर 45 डिग्री, बॉयलर हाऊसमध्ये त्याहून वरचढ. उन्हाबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती "व्हॉल्व्ह बंद आहे ना, मग उघड" या एका वाक्याबद्दल.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सरकीच्या तेलाचा कारखाना, एकाच हेडरवर (दोघांची वाफ एकत्र येते त्या मोठ्या पाइपवर) दोन बॉयलर. एक चालू, एक बंद. बंद बाजूच्या 4 इंची लाइनचं गॅस्केट बदलायचं होतं. व्हॉल्व्ह गच्च आवळलेला, प्रेशर गेजचा काटा शून्यावर. ड्रेन उघडला तर थोडं पाणी आलं आणि थांबलं. आम्ही समजलो, लाइन रिकामी झाली. खरं तर ड्रेन गंजाच्या कचऱ्याने तुंबला होता आणि गेजखालचा कॉक कुणीतरी बंद करून ठेवला होता. व्हॉल्व्हची सीट, म्हणजे तो बसून वाफ अडवतो ती जागा, ओल्या वाफेने चरे पडून झिजलेली. त्यातून रात्रभर वाफ झिरपत राहिली आणि लाइनला जिथे झोळ होता तिथे उकळतं पाणी साचून बसलं.

माझा हेल्पर 20 वर्षांचा. रिंग पाना मीच त्याच्या हातात दिला. त्याने आपल्या बाजूचे नट आधी सोडले. दोन नट निघाले तरी काही नाही. तिसऱ्याला फ्लँजने, म्हणजे पाइपांच्या नटबोल्टच्या जोडाने, तोंड उघडलं. फुस्स असा आवाज आला आणि पोरगं मागे पडलं. पंजापासून कोपरापर्यंत भाजला. मनगटात बांधलेला लाल दोरा कातडीला चिकटून बसला होता. आज तो दुकानावर बसतो. उजव्या हाताची मूठ अजूनही पूर्ण वळत नाही.

10 किलो प्रेशरला वाफेचं तापमान 184 डिग्रीच्या आसपास असतं. त्या प्रेशरचं पाणी मोकळ्या हवेत आलं की शंभरातले सोळा भाग तिथल्या तिथे वाफ होतात, आणि एक लिटर पाण्याची साधारण 1600 लिटर वाफ होते. त्यातही फटीतून सुटलेली वाफ सुरुवातीला डोळ्याला दिसतच नाही. पांढरा ढग दिसतो तो थोडा पुढे, थंड होऊन पाण्याचे थेंब झाल्यावर. म्हणजे ढग बघून हात मागे घ्यावा, तर हात आधीच आत असतो.

फ्लँज सोडताना पलीकडचे नट आधी ढिले करायचे, आणि पूर्ण काढायचे नाहीत. जे काही आत असेल ते तिकडे जाऊ द्यायचं, तोंड लांब ठेवायचं. हे मला माझ्या उस्तादाने शिकवलं होतं. मी त्या पोराला त्या दिवशी सांगितलं नाही. घाई होती.

डमी म्हणजे दोन फ्लँजच्या मध्ये घालायची जाड पत्र्याची गोल चकती. तिला बाहेर शेपटी ठेवायची, म्हणजे लांबूनही कळतं की लाइन वाफेपासून खरंच तोडलेली आहे. पण डमी टाकायलाही एक फ्लँज उघडावीच लागते. त्यासाठी हेडर थंड करायचा, म्हणजे दोन्ही बॉयलर बंद, अर्धी पाळी गेली. मालकाचं सगळं अडतं ते इथे. अगदीच जमत नसेल तर ओळीने दोन व्हॉल्व्ह बंद करा, मधला ड्रेन उघडा ठेवा आणि तो खरंच वाहतो का ते तार घालून बघा. व्हॉल्व्हच्या चाकाला साखळी-कुलूप लावा. चावी साहेबाच्या ड्रॉवरमध्ये नको. ज्याचे हात फ्लँजवर आहेत त्याच्या खिशात हवी.

दुसऱ्या बॉयलरशी जोडलेली वाफेची लाइन नीट तोडल्याशिवाय माणसाला बॉयलरमध्ये उतरू देणं हा गुन्हा आहे, हे 1923 च्या बॉयलर कायद्यातही होतं. आता 2025 चा नवा कायदा आला. मग बाहेर फ्लँजसमोर उभ्या असलेल्या माणसाचा जीव काय स्वस्त आहे?

ठेक्यावरचं पोरगं नाही म्हणू शकत नाही. त्याची हजेरी त्याच दिवशी कापली जाते. म्हणून नाही म्हणायचं काम आपण, 15-20 वर्षं झालेल्या फिटरांनी करायचं. माझा एक जॉब गेला काल. जाऊ दे.

उद्या सकाळी 7 वाजता दुसरीकडे 4 इंचाची लाइन उघडायची आहे. तिथले साहेब बॉयलर आज रात्रीच बंद करायला तयार झाले. 10 मिलिमीटरच्या प्लेटमधून डमी कापून आणलीय. शेपटीला लाल रंग मारून ती ओट्यावर वाळत ठेवलीय.