‘एकही प्रोटॉन वाया जात नाही’ हा दावा टिकत नाही

नागपुरातल्या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांमध्ये सध्या एक मजकूर फिरतो आहे. चांगल्या प्रोटॉन त्वरकात, म्हणजे प्रोटॉनच्या झोताला नळीतून प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रात, एकही कण नळीच्या भिंतीला लागत नाही, चुंबक जितके ताकदवान तितका झोत स्थिर, आणि थोडी गळती झालीच तर केवळ वीज वाया जाते, असे त्यात म्हटले आहे. पुढे याच क्षेत्रात जाऊ पाहणारी मुले हे पाठ करत आहेत, म्हणून त्याचे खंडन करणे मला आवश्यक वाटते.

आधी चुंबकांचे पाहू. चतुर्ध्रुवी चुंबक झोताला आडव्या दिशेने आवळतो, तेव्हा उभ्या दिशेने तो त्याला पसरवतोच. म्हणून असे चुंबक आलटून पालटून उलटे बसवतात, आणि या मांडणीचा सिद्धान्त १९५२ मध्ये अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत मांडला गेला. ताकद मर्यादेबाहेर वाढवली, तर अक्षाकडे वळवलेला कण दर टप्प्यात अधिकाधिक पलीकडे फेकला जातो आणि अखेर भिंतीवर आदळतो. शिवाय प्रोटॉन एकमेकांना दूर ढकलतात, आणि हा परिणाम कमी ऊर्जेला सर्वाधिक जाचतो. तिथे चुंबकांची जुळणी झोताच्या आकाराशी बसली नाही, तर झोताचा गाभा आकुंचन-प्रसरण पावू लागतो, काही कण बाहेर पडतात आणि झोताभोवती त्यांचे विरळ कडे तयार होते. गळतीचा मोठा भाग याच कड्यातून होतो.

वीज वाया जाण्याचा मुद्दा तर मूळ धोकाच झाकतो. भिंतीवर आदळलेले उच्च ऊर्जेचे प्रोटॉन धातूला किरणोत्सारी करतात, आणि यंत्र बंद केल्यावरही तंत्रज्ञांना तिथे हाताने दुरुस्ती करता यावी, यासाठी मीटरमागे सुमारे १ वॅट इतकीच गळती सहसा मान्य केली जाते. १ मेगावॅटच्या झोतासाठी याचा अर्थ मीटरमागे दहा लाखांत एक कण. सर्न या युरोपीय संशोधन संस्थेच्या मोठ्या हॅड्रॉन कोलायडरमध्ये, म्हणजे प्रोटॉनचे दोन झोत वर्तुळात फिरवून एकमेकांवर आदळवणाऱ्या यंत्रात, आराखड्यानुसार एका झोतात ३६२ मेगाज्यूल ऊर्जा साठते. म्हणून तिथे नायट्रोजन भरलेले हजारो गळतीमापक बसवले आहेत आणि बिघाडाची चाहूल लागताच झोत तीन फेऱ्यांच्या आत बाहेर काढला जातो.

राहिला ‘एकही कण’ हा दावा. त्याच कोलायडरमध्ये समांतरकाचे (झोताच्या कडेचे कण अडवणाऱ्या साधनाचे) दोन जबडे काही ठिकाणी २ मिलिमीटर इतक्या अंतरावर आणून कड्यातले कण मुद्दाम अडवतात, कारण ते अतिवाहक (अतिथंड ठेवलेल्या, विजेला रोध नसलेल्या) चुंबकात पडले तर चुंबक तापून आपली अतिवाहकता गमावतो. नागपूरचे रुग्ण मुंबईच्या ज्या टाटा रुग्णालयात जातात, त्याच संस्थेच्या खारघर केंद्रात कर्करोगावर प्रोटॉन उपचार मिळतात; तिथल्या सायक्लोट्रॉन या त्वरकातून बाहेर पडणाऱ्या प्रोटॉनची ऊर्जा सुमारे २३० एमईव्ही (मेगा इलेक्ट्रॉन व्होल्ट, कणाच्या ऊर्जेचे एकक) अशी ठरलेली असते. गाठ उथळ असेल, तर ही ऊर्जा पदार्थाच्या थरातून उतरवावी लागते आणि विखुरलेले कण गाळावे लागतात. अशा यंत्रांत ७० एमईव्हीपर्यंत खाली आल्यावर निघालेल्या कणांपैकी शेकडा एकही उरत नाही. म्हणूनच हा थर आणि ही गाळणी रुग्णाच्या खोलीपासून दूर, जाड काँक्रीटच्या आड ठेवतात.