टॉयलेट पेपर घेताना पाकीट उलटे करून पाहावे

गेल्या महिन्यात घरातला टॉयलेट पेपर बदलायचे ठरवले, तेव्हा हे दहा मिनिटांचे काम आहे अशी माझी समजूत होती. समोर चार पाकिटे होती. तिघांवर हिरवे पान छापलेले होते, दोघांवर ‘निसर्गस्नेही’ असा शब्द होता, आणि आतला कागद नेमका कशाचा केला आहे हे मात्र एकाच्याही दर्शनी बाजूला लिहिलेले नव्हते. तेव्हापासून मी पाकीट उलटे करून मागची बारीक अक्षरेच आधी वाचतो.

लगदा कशाचा आहे, हाच या खरेदीतला पहिला प्रश्न असावा असे माझे ठाम मत झाले आहे. बाकी सगळे त्याच्या मागून येते. नेहमीचा पांढराशुभ्र, गुबगुबीत कागद बहुधा ताज्या लाकडाच्या लगद्याचा असतो. त्यातले सूचिपर्णी झाडांचे लांब तंतू कागदाला बळकटी देतात, तर निलगिरीसारख्या झाडांचे आखूड तंतू त्याला मऊपणा आणतात. या लांब तंतूंचा एक मोठा स्रोत म्हणजे कॅनडातले बोरियल अरण्य. तिथल्या थंडीत झाडे अतिशय सावकाश वाढतात आणि जमिनीत व दलदलीत प्रचंड कार्बन साठलेला असतो. नॅचरल रिसोर्सेस डिफेन्स कौन्सिल ही अमेरिकी संस्था २०१९ पासून टॉयलेट पेपरच्या ब्रँडना शाळेतल्यासारख्या श्रेणी देत आली आहे, आणि निव्वळ ताज्या लाकडाच्या कागदांची तिथे वारंवार नापासांत गणना झाली आहे.

मला यात सर्वांत खटकते ती गोष्ट वेगळी आहे. कागदाचा तंतू प्रत्येक पुनर्प्रक्रियेत थोडा आखूड होतो आणि साधारण पाच ते सात फेऱ्यांनंतर कागद करण्याच्या कामाचा राहत नाही. म्हणजे वहीचा कागद, मग वर्तमानपत्र, मग पुठ्ठा असा त्याचा प्रवास होऊ शकतो, आणि या प्रवासाचा शेवटचा मुक्काम टॉयलेट पेपर असणे अगदी रास्त आहे, कारण इथून पुढे तो रद्दीत परत येणे शक्यच नसते. ताज्या झाडाचा तंतू थेट या शेवटच्या मुक्कामाला पाठवणे म्हणजे सहा फेऱ्यांचे काम एका क्षणात सांडपाण्यात सोडून देणे होय. म्हणून माझी पहिली पसंती रद्दीपासून केलेल्या कागदाला आहे. त्यातही ‘पुनर्वापरित’ एवढाच शब्द पुरेसा नाही. लोकांनी वापरून टाकलेल्या रद्दीचे प्रमाण किती आणि कारखान्यातल्याच कातरणांचे किती, हे दोन वेगळे आकडे आहेत. पहिला जितका मोठा तितके चांगले. थर्मल कागदाच्या, म्हणजे उष्णतेने छापल्या जाणाऱ्या दुकानातल्या पावत्या रद्दीत मिसळल्यामुळे अशा कागदात बिस्फेनॉल-ए या अपायकारक मानल्या जाणाऱ्या रसायनाचे अंश येऊ शकतात, हा आक्षेप खरा आहे. पण त्याचे प्रमाण अल्प असते, आणि ती पावती आपण रोज बोटांनी हाताळतोच.

बांबूबद्दल मी आरंभी फार उत्साही होतो. बांबू हे गवत आहे, तीन ते पाच वर्षांत तोडणीला येते आणि मुळापासून पुन्हा फुटते. परंतु नैसर्गिक जंगल काढून त्याजागी बांबू लावला असेल, किंवा लगद्याचा कारखाना कोळशाच्या विजेवर चालत असेल, तर गवताची पुण्याई तिथेच खर्च होते. शिवाय ब्रिटनमधील ‘विच?’ या ग्राहक संस्थेने २०२४ मध्ये बांबूचे म्हणून विकले जाणारे पाच ब्रँड तपासले, तेव्हा तिघांत बांबूचे तंतू फारच थोडे निघाले. त्यामुळे बांबू घ्यायचाच तर एफएससीचे, म्हणजे जबाबदारीने सांभाळलेल्या जंगलांतला माल प्रमाणित करणाऱ्या फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिलचे चिन्ह पाहूनच घ्यावा. १९९३ साली स्थापन झालेल्या या संस्थेची तीन चिन्हे आहेत: १०० टक्के (सगळा माल प्रमाणित जंगलांतला), मिक्स (प्रमाणित आणि इतर मालाचे मिश्रण) आणि रिसायकल्ड (पुनर्वापरित). यांतले ‘मिक्स’ फर्निचरसाठी मला चालेल; टॉयलेट पेपरसाठी मी ‘रिसायकल्ड’वरच अडून बसतो.

दुसरा प्रश्न रंगाचा. पूर्वी लगदा क्लोरीन वायूने पांढरा करीत आणि त्यातून डायॉक्सिनसारखी अतिविषारी द्रव्ये पाण्यात जात. ‘ईसीएफ’ म्हणजे क्लोरीन वायूऐवजी क्लोरीन डायॉक्साइड वापरलेला कागद. त्याने डायॉक्सिन खूप कमी झाले, तरी क्लोरीनची संयुगे सर्वस्वी गेली नाहीत. ‘टीसीएफ’मध्ये ऑक्सिजन, ओझोन किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात, आणि रद्दीपासूनचा कागद पुन्हा क्लोरीन न लावता केला असेल तर त्यावर ‘पीसीएफ’ लिहिलेले असते. विरंजन न केलेला तपकिरी कागद यांहून सरळ. तो मळका दिसतो ही केवळ डोळ्यांची सवय आहे, आणि या वस्तूच्या बाबतीत शुभ्रतेचा हट्ट धरणे मला थोडे विनोदीच वाटते.

मी घरी एक साधा प्रयोग केला. झाकणाच्या दोन बरण्यांत पाणी घेतले, एकीत जुन्या गुबगुबीत कागदाचा तुकडा टाकला, दुसरीत रद्दीच्या कागदाचा, आणि दोन्ही सारख्याच हलवल्या. रद्दीचा कागद थोड्याच वेळात विरघळल्यासारखा होऊन पाणी गढूळ झाले. गुबगुबीत तुकडा कडा झिजून का होईना, चिंधीसारखा तरंगत राहिला. तो गुबगुबीतपणा फुकट येत नाही: अनेक कारखान्यांत त्यासाठी ओला कागद दाबून पाणी काढण्याऐवजी गरम हवेच्या झोताने वाळवतात, आणि त्याला ऊर्जा जास्त लागते.

अर्थात, जो कागद वापरलाच नाही त्याच्याइतका निर्मळ कागद नाही. पाण्याच्या फवाऱ्याने धुतले की कागद टिपण्यापुरताच लागतो. आमच्याकडे रोल आता बराच जास्त टिकतो. रोलची तुलना मात्र नगावर करू नये. ‘जंबो’ या शब्दाला माप नसते. पाकिटावरचे वजन किंवा तुकड्यांची संख्या पाहावी.

नवा कागद आणल्यावर धाकटीने तो उजेडात धरला आणि त्यातला सुईच्या टोकाएवढा निळा ठिपका मला दाखवला. शाई काढूनही असे कण रद्दीच्या कागदात राहतात, असे मी तिला सांगितले. ‘‘म्हणजे बाबा, यावर कुणीतरी आधी काहीतरी लिहिले होते?’’ असे विचारून ती पुढच्या तुकड्यात दुसरा ठिपका शोधू लागली, आणि तो सापडेपर्यंत पाच तुकडे उलगडले गेले.