ब्रेक गेला आणि परत आला

कुंभार्ली घाट उतरताना पिंट्याच्या मोटारसायकलचा मागचा ब्रेक गेला आणि अर्ध्या तासाने तो आपोआप परत आला, एवढ्या एका घटनेवर कराडच्या आमच्या कट्ट्यावर जितका वाद झाला तितका गेल्या विधानसभा निवडणुकीवरही झाला नव्हता. प्रीतिसंगमाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर संध्याकाळी जमणाऱ्या या मंडळींत पिंट्या हा दौऱ्यांचा वेडा, बापू जुन्या बुलेटचे निष्ठावान सेवक, मास्तर आयटीआयमधून निवृत्त झालेले मोटार मेकॅनिकचे निदेशक आणि वकील हे नावाप्रमाणेच वकील. उरलेले आम्ही दोघे-तिघे चहा पिणारे आणि मध्येच काडी टाकणारे.

घटना थोडक्यात अशी होती. पिंट्या आणि वहिनी पाटण, हेळवाक मार्गे चिपळूणला निघाले होते. पुढे गुहागर, मग धोपाव्याच्या जंगलमधून, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीतून, गाडीसह खाडी ओलांडून दाभोळ आणि तिथून दापोली असा बेत होता. गाडी साडेतीनशे सीसीची, चार वर्षांची, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक असलेली, मागे दोन भरगच्च बॅगा आणि त्यांच्यावर बंजी दोरीने आवळलेला तंबू. घाट निम्माअधिक उतरून झाल्यावर एका वळणापूर्वी मागच्या ब्रेकचे पेडल पायाखाली एकदम मऊ लागले आणि दुसऱ्या दाबाला ते सरळ खाली गेले. पिंट्याने पुढचा ब्रेक, दोन्ही पाय आणि यच्चयावत कुलदैवते यांच्या साहाय्याने गाडी डोंगराच्या बाजूच्या गटाराला लावली. अर्ध्या तासाने त्याने पेडल दाबून पाहिले तर ते पूर्वीसारखे कडक होते. चिपळूणच्या मेकॅनिकने चाक फिरवून, पॅड पाहून, गळती शोधून "काहीच बिघाड नाही" असा निर्वाळा दिला आणि पैसेही घेतले नाहीत.

या निर्वाळ्यावरच पिंट्याची सगळी भिस्त होती. मेकॅनिकला काही सापडले नाही, याचा अर्थ चूक गाडीचीही नाही आणि चालवणाऱ्याचीही नाही, घाटात वेळ वाईट होती, असे त्याचे म्हणणे होते. दौऱ्यावर जाणाऱ्या मंडळींची ही एक जुनी खोड आहे असे मला वाटते. सायलेन्सरला टेकून रेग्झिनची बॅग वितळली आणि आतला रेनकोट तिला चिकटून एकजीव झाला, बंजी दोरीचा आकडा सुटून चेनमध्ये गेला, जंगलच्या ओल्या लोखंडी तळावर साइड स्टँडवर उभी केलेली गाडी लाटेसरशी शेजारच्या गाडीवर कलंडली, हे सगळे किस्से मोठ्या रंगात सांगितले जातात. पण बॅग सायलेन्सरच्या बाजूला किती खाली लोंबत होती किंवा जंगलवर गाडी गिअरमध्ये टाकली होती का, हे कोणी विचारले की सांगणाऱ्याचा चेहरा उतरतो. कारण कळले की किश्शाचे साहस उरत नाही आणि नुसता निष्काळजीपणा उघडा पडतो.

मास्तरांनी मात्र नेमके कारणच विचारायला सुरुवात केली. "उतारावर गाडी कोणत्या गिअरमध्ये होती?" या पहिल्याच प्रश्नाला पिंट्याने बरेच आढेवेढे घेतले आणि शेवटी न्यूट्रलवर होती हे कबूल केले. पेट्रोल वाचते, इंजिनाला विसावा मिळतो आणि घाटात शांतपणे उतरता येते, अशी तीन कारणे त्याने पाठोपाठ दिली. पुढचा ब्रेक किती वापरला या दुसऱ्या प्रश्नावर बापूंनीच परस्पर उत्तर दिले की उतारावर पुढचा ब्रेक मारायचाच नसतो, गाडी डोक्यावरून उलटते, आणि हे पिंट्याला त्यांनीच शिकवले आहे.

"मग सगळा घाट एकट्या मागच्या ब्रेकने उतरवला," असे म्हणून मास्तरांनी चहाच्या टपरीवरचा कागद मागून घेतला आणि हिशेब मांडला. गाडी १९५ किलो, दोघे मिळून १४० किलो, सामान २५ किलो, म्हणजे एकूण ३६० किलो वजन. हे वजन १०० मीटर उंचीवरून खाली आले की सुमारे ३५० किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते, आणि तेवढ्या ऊर्जेत साध्या तापमानाचे लिटरभराहून थोडे अधिक पाणी उकळीपर्यंत नेता येते. पिंट्याने लगेच हरकत घेतली की वारा आणि टायरचे घर्षणही काही खात असेलच. मास्तरांनी ती हरकत मानली, त्यापायी निम्मी ऊर्जा वजा केली आणि म्हणाले की उरलेली निम्मी ऊर्जा दर १०० मीटरला त्या किलो-सव्वा किलोच्या डिस्कमध्ये, पॅडमध्ये आणि तिथून ब्रेक ऑइलमध्ये गेली, आणि कुंभार्ली घाट काही १०० मीटरचा नाही. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये असती तर हेच काम इंजिनाने केले असते आणि त्याची उष्णता इंजिनावरच्या धातूच्या पात्यांवरून वाऱ्यावर गेली असती.

पेट्रोल वाचण्याचा मुद्दा तर मास्तरांनी उलटाच फिरवला. इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत गिअर टाकून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडला आणि इंजिन पुरेशा वेगाने फिरत असले की पेट्रोलचा फवारा बंदच होतो, कारण तेव्हा चाकच इंजिनाला फिरवत असते. याउलट न्यूट्रलवर इंजिन चालू ठेवायचे तर त्याला आपल्या आपण फिरत राहण्यासाठी थोडे का होईना पेट्रोल द्यावेच लागते. हे ऐकून पिंट्या पहिल्यांदा गप्प बसला, कारण ब्रेकपेक्षाही त्याला अ‍ॅव्हरेजचा अपमान अधिक लागतो.

बापूंना हा सारा हिशेब म्हणजे नव्या गाड्यांच्या नाजूकपणाचा पुरावा वाटला. त्यांच्या कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेटला दोन्हीकडे ड्रम ब्रेक आहेत, ऑइलची भानगड नाही, सळई आणि तार यांवर सगळा कारभार चालतो, आणि त्याच गाडीवर त्यांनी आंबेनळी, वरंधा, फोंडा, आंबोली असे सगळे घाट उतरले आहेत. मास्तर म्हणाले, "बापू, तुमचा ड्रम तापला की फुगतो आणि आतून त्याला घासणाऱ्या लायनिंगपासून दूर जातो. लायनिंगही गुळगुळीत होऊन पकड सोडते. पण तुम्ही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये धडधडत उतरता म्हणून तो तेवढा तापतच नाही." बापूंना यातले कौतुक ऐकू आले आणि उरलेले ऐकू आले नाही. पुढच्या ब्रेकविषयी मात्र त्यांनी माघार घेतली नाही. उतारावर गाडीचे वजन पुढच्या चाकावर सरकते, म्हणून तेच चाक रस्त्याला अधिक घट्ट धरून असते, आणि सरळ रस्त्यावर हळूहळू दाब वाढवत मारलेला पुढचा ब्रेक हाच मुख्य ब्रेक असतो, हे मास्तरांनी दोनदा समजावून सांगितले. गाडी उलटते किंवा घसरते ती वळणात, खडीवर किंवा शेणावर तो ब्रेक एकदम आवळल्यामुळे. बापूंनी दोन्ही वेळा मान हलवली, पण कोणत्या दिशेने ते नीट कळले नाही.

यानंतर वकिलांनी प्रकरण हाती घेतले. गाडीला एबीएस आहे, १२५ सीसीवरील नव्या मॉडेलना ते एप्रिल २०१८ पासून आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलना एप्रिल २०१९ पासून सक्तीचे झाले आहे, मग सुरक्षिततेसाठी घेतलेले हे उपकरण ऐन वेळी गप्प का राहिले, असा त्यांचा सवाल होता. एबीएसचे काम ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देण्याचे आहे, त्यासाठी आधी ब्रेकच्या नळीत दाब तयार व्हावा लागतो, आणि इथे दाबच तयार होत नव्हता, हे उत्तर त्यांना मान्य करावे लागले. पण दाब का तयार झाला नाही हा पुढचा प्रश्न त्यांनी बरोबर विचारला, आणि त्यातूनच मेकॅनिकला काही न सापडण्याचे कोडे सुटले.

ब्रेक ऑइल हे नावाचेच ऑइल आहे. ते हवेतील ओलावा शोषून घेते, टाकीच्या झाकणातून आणि रबरी नळीतूनही. आपल्याकडे सर्रास वापरले जाणारे डॉट ४ हे ऑइल नवे असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरले की ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली आलेली चालते. म्हणूनच बहुतेक पुस्तिकांमध्ये ते दोन वर्षांनी बदलण्यास सांगितलेले असते. पिंट्याच्या गाडीत चार वर्षे, म्हणजे कोकणच्या दौऱ्यांसकट चार पावसाळे, तेच ऑइल होते. डिस्कवर पॅड दाबणारा कॅलिपर तापल्यावर ते आतल्या आत उकळले आणि त्याची वाफ झाली. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल दाबल्यावर पॅडऐवजी वाफच आवळली जात होती. अर्ध्या तासात ती थंड होऊन तिचे पुन्हा पाणी झाले आणि पेडल कडक झाले. "मेकॅनिकला काही सापडले नाही हाच पुरावा आहे," असे मास्तर म्हणाले. "नळी फुटली असती तर ब्रेक परत आला नसता."

पिंट्याने मग सर्व्हिसिंगची बिले पुढे केली. त्यांवर ब्रेक ऑइलच्या नावाने रक्कम होती, पण वकिलांनी चष्मा वर करून वाचले तेव्हा ती ऑइल बदलण्याची नसून पातळी भरण्याची निघाली. जुन्या ऑइलमध्ये थोडे नवे ओतले की खिडकीतली रेषा भरलेली दिसते आणि आत मुरलेले पाणी मुरलेलेच राहते. इथे वकील पिंट्याच्या बाजूने उभे राहिले. गाडीवाला दर वेळी वेळेवर सर्व्हिसिंगला जातो, पैसे मोजतो, त्याने पुस्तिकेचे वेळापत्रक पाठ करावे ही अपेक्षा अन्यायाची आहे, असे त्यांचे म्हणणे होते, आणि माझेही मत त्यांच्याच बाजूला झुकते. मात्र न्यूट्रलवर घाट उतरण्याचा खर्च कोणत्याही बिलात नव्हता.

वाद ऐन रंगात असताना वहिनी स्कूटरवरून भाजी घेऊन येत होत्या, त्यांनाच साक्षीला उभे करण्यात आले. त्यांनी सांगितलेली गोष्ट पिंट्याच्या कथनात एकदाही आली नव्हती. ब्रेक जाण्याच्या बऱ्याच आधी त्यांना जळका, उग्र वास आला होता आणि त्यांनी पाठीवर थाप मारून तसे सांगितलेही होते. पुढे एक भरलेला ट्रक उतरत होता. पिंट्याने हेल्मेटमधून ओरडून हा त्या ट्रकच्या ब्रेक लायनरचा वास आहे असे सांगितले आणि ट्रकला मागे टाकले. वास मात्र मागे पडला नाही. "मी दोनदा सांगितलं," एवढे बोलून वहिनींनी मेथीची जुडी नीट लावली आणि त्या निघून गेल्या. पिंट्याने चहा सांगितला, सगळ्यांसाठी.

रविवारी मास्तरांनी कट्ट्यावरच मागच्या ब्रेकच्या टाकीचे दोन स्क्रू सोडून झाकण उघडले. आतले ऑइल काळपट तपकिरी होते आणि रबरी पडद्याखाली गाळाची बारीक कड जमली होती. त्यांनी जुने ऑइल बाहेर काढण्याच्या ब्लीडिंग निप्पलला पारदर्शक नळी लावून, पिंट्याला पेडल दाबायला बसवून, नव्या सीलबंद डब्यातले डॉट ४ भरले आणि नळीतून फिक्या पिवळ्या रंगाचे, बुडबुडे नसलेले ऑइल येईपर्यंत काम सोडले नाही. एक थेंब टाकीच्या रंगावर पडला तेव्हा ते पिंट्यावर खेकसले, कारण हे ऑइल रंग खाते.

मग पैज लागली. तेच वजन, तेवढ्याच बॅगा घेऊन, पण दुसऱ्या गिअरमध्ये आणि दोन्ही ब्रेक थोडे थोडे वापरत कुंभार्ली उतरायचा आणि पायथ्याच्या पोफळीला थांबून मागच्या डिस्कवर पाण्याचे चार थेंब टाकायचे. थेंब चरचरून उडाले तर मास्तर मिसळीचे पैसे देणार, नुसते ओघळले तर पिंट्या देणार. वहिनींनी येण्यास नकार दिल्यामुळे त्यांच्या वजनाच्या जागी मी बसलो. घाट उतरताना इंजिन सारखे गुरगुरत होते, पाय पेडलवर क्वचितच जात होता आणि मागच्या एसटीने दोनदा हॉर्न वाजवला. पोफळीला पाण्याचे थेंब डिस्कवर पडले आणि मुकाट्याने ओघळून गेले.

मास्तरांनी मिसळीची ऑर्डर दिली, पण वकिलांनी हात वर केला. ऑइलही बदलले आणि गिअरही बदलला, मग ब्रेक वाचला तो नेमका कशामुळे हे सिद्ध कुठे झाले, असा त्यांचा आक्षेप होता. मास्तरांनी उत्तर दिले की थेंबांचा संबंध डिस्कच्या तापण्याशी आहे, ऑइलच्या वयाशी नाही, म्हणून पैज ते जिंकले आहेत. वकिलांना तेवढे पटले. पण ऑइल आणि सर्व्हिसिंगच्या बिलाचा दोष किती आणि न्यूट्रलचा किती, ही वाटणी झाल्याशिवाय पिंट्याने पूर्ण बिल का द्यावे, असा नवा मुद्दा त्यांनी काढला. त्यासाठी जुने ऑइल पुन्हा भरून एकदा गिअरमध्ये आणि एकदा न्यूट्रलवर उतरून पाहावे, असे पिंट्याने सुचवले. मास्तरांनी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिले त्यानंतर तो विषय कोणी काढला नाही. मिसळ निम्मी-निम्मी झाली. बापूंनी तिसरा पाव मागवताना तेवढे सांगितले की त्यांनी बुलेटच्या पुढच्या ब्रेकची तार बदलून घेतली आहे, आणि त्याचा या चर्चेशी काहीही संबंध नाही.